आधी जमीन, मग चाक

स्केटबोर्डची चाके निवडताना सगळीकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो शैलीचा. कठड्यांवर आणि पायऱ्यांवर करामती करायच्या आहेत, स्केटपार्कच्या वळणदार भिंतींवर चढायचे आहे, की नुसता फेरफटका मारायचा आहे? उत्तर मिळाले की ठरलेले आकडे पुढे येतात. स्ट्रीटसाठी 50 ते 53 मिलिमीटर व्यासाची, 99ए किंवा 101ए कडकपणाची चाके. पार्कसाठी 54 ते 58 मिलिमीटरची आणि तितकीच कडक. फिरण्यासाठी 60 च्या पुढची आणि 78ए च्या आसपासची मऊ. हे कोष्टक खोटे नाही, अनेक दशकांच्या अनुभवातून ते तयार झाले आहे. पण तो अनुभव मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या काँक्रीटवर आणि फिलाडेल्फिया, बार्सिलोनासारख्या शहरांतल्या ग्रॅनाइटच्या चौकांत जमा झाला, आणि कोष्टकात त्या जमिनीचा उल्लेख नसतो. माझे म्हणणे असे की निवडीचा क्रम उलटा हवा. ज्या जमिनींवरून रोज जायचे आहे त्यांतली सर्वांत वाईट जमीन आधी पाहावी आणि चाक किती मऊ हवे हे तिच्यावरून ठरवावे. व्यास, रुंदी आणि कडांचा आकार या गोष्टी मग शैलीवर सोडाव्यात.

चाकावर छापलेले दोन आकडे नेमके काय सांगतात हे आधी पाहू. पहिला आकडा व्यासाचा, त्यात घोटाळा होण्यासारखे काही नाही. दुसरा कडकपणाचा. अमेरिकेतल्या अल्बर्ट शोर यांनी 1920 च्या दशकात रूढ केलेल्या ड्युरोमीटर या उपकरणात एक बोथट सुई ठरावीक स्प्रिंगच्या जोराने पदार्थात दाबतात. सुई जितकी कमी रुतेल तितका आकडा मोठा. चाकांवर 101ए असे आकडे छापले जात असले तरी ‘ए’ श्रेणी खरे तर 100 पर्यंतच जाते आणि शंभराच्या जवळ ती फारशी भरवशाची राहत नाही. म्हणून बोन्ससारखे उत्पादक कडक चाकांसाठी ‘बी’ श्रेणी वापरतात, आणि त्यांचे 84बी हे ए श्रेणीत साधारण 104 च्या बरोबरीचे मानले जाते. 101ए आणि 104 यांतला फरक पायाला कळतो का, यावर स्केटबोर्डर तासन्‌तास बोलतात. त्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. हा आकडा सुई किती रुतली एवढेच सांगतो. चाक ज्याचे बनते ते युरेथेन दाबल्यावर किती चपळाईने पूर्ववत होते, हे त्यात येत नाही. ते का महत्त्वाचे, ते पुढे येईलच.

गुळगुळीत जमिनीवर कडक चाक जोरात का धावते? चाक टेकते तिथे ते किंचित दबते आणि पुढे जाताना फुगून पूर्ववत होते. दाबताना खर्च झालेली ऊर्जा पूर्ण परत मिळत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. कडक चाक कमी दबते म्हणून गळतीही कमी. खडबडीत जमिनीवर मात्र हिशेब पालटतो. कडक चाक खड्याला जागा करून देत नाही, त्यामुळे प्रत्येक खड्यावर चाक, ट्रक (चाकांना धरणारा धातूचा सांगाडा), फळी आणि तिच्यावरचा माणूस या सगळ्यांना थोडे वर उचलले जावे लागते. ती ऊर्जा पुढे नेण्याच्या कामी येत नाही, ती थरथरीत जिरते आणि घोट्या-गुडघ्यांत जाणवते. मऊ चाक तोच खडा स्वतःत सामावून घेते आणि फळी जवळजवळ सरळ रेषेत चालते. म्हणजे चांगल्या जमिनीवर मऊ चाकाची उणीव ठरणारा गुण वाईट जमिनीवर त्याचे बळ होतो.

हे आकड्यांत मांडता येते. 52 मिलिमीटरचे कडक चाक 3 मिलिमीटर उंचीच्या खड्याला टेकून उभे आहे असे समजा. त्याला खड्यावर चढवायला चाकावरच्या भाराच्या सुमारे 53 टक्के आडवा जोर लागतो. चाक 60 मिलिमीटरचे केले तर हा जोर 48 टक्क्यांवर येतो, आणि थेट 80 मिलिमीटरचे केले तर 41 वर. आता चाक 52 चेच ठेवा, पण इतके मऊ की खडा निम्मा त्यात रुतेल आणि उंची दीड मिलिमीटरच उरेल. लागणारा जोर 36 टक्क्यांवर उतरतो. धावत्या फळीला स्वतःचा वेग असल्यामुळे प्रत्यक्षात हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण तुलना खरी राहते. रस्ता खराब आहे म्हणून मोठी चाके घ्या, हा सल्ला सर्रास दिला जातो; तो अर्धवट आहे. व्यास 52 वरून 60 वर नेला तरी फायदा माफकच होतो, आणि मऊपणाने मिळते ते व्यास कितीही वाढवून स्केटबोर्डवर मिळणार नाही. शिवाय 56 च्या पुढे गेले की वळताना चाक फळीला घासून अडकण्याची भीती. ते टाळायला ट्रक आणि फळी यांच्यामध्ये रबरी चकती घालावी लागते, फळी उंच होते आणि तिला उडवणे तितकेच जड जाते.

स्केटबोर्डच्या इतिहासातही जमिनीनेच चाक बदलायला लावलेले दिसते. सुरुवातीच्या फळ्यांना रोलर स्केटची लोखंडी चाके असत, 1960 च्या दशकात मातीसारख्या मिश्रणाची घट्ट चाके आली. ती पदपथावर घसरत, तुकडे पडून झिजत, आणि लहानशा खड्यावरही जागीच थांबत. स्वार मात्र थांबत नसे. 1965 नंतर अमेरिकेत या खेळाची लाट ओसरली आणि अनेक शहरांनी बंदी घातली, त्यात या अपघातांचा मोठा हात होता. 1970 च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल येथील क्रिएटिव्ह युरेथेन्स या कारखान्यात पॉलियुरेथेनची चाके पाहिली. ती रोलर स्केटिंगच्या बंदिस्त रिंकसाठी बनवलेली होती, आणि रिंकवरच्या मुरलेल्या स्केटरांना ती नकोशी होती, कारण गुळगुळीत लाकडी फरशीवर ती जमिनीला फार धरून राहत आणि वेग खात. नॅसवर्दीने तीच चाके फळीला लावून रस्त्यावर चालवली. पुढे कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासमधून त्याने ती ‘कॅडिलॅक’ या नावाने विकायला काढली आणि 1973 नंतर स्केटबोर्डिंगने पुन्हा जोर धरला. चाक एकच होते. रिंकवर ते टाकाऊ ठरले आणि पदपथावर त्याने एका खेळाला जीवदान दिले. मधल्या काळात बदलली ती त्याच्याखालची जमीन.

त्यानंतर जमीन अधिकाधिक चांगली होत गेली आणि चाके कडक होत गेली. 1970 च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, पोहण्याचे तलाव रिकामे झाले आणि त्यांच्या गिलावा केलेल्या गोलाईवर स्वार चढू लागले. त्याच सुमारास काँक्रीटचे स्केटपार्क उभे राहिले. अशा जागी खड्यांची चिंता नव्हती. वेग आणि हवे तेव्हा घसरता येणे महत्त्वाचे झाले, आणि 90ए च्या पुढची चाके रुळली. 1980 च्या दशकात ऑली, म्हणजे हात न लावता फळीसकट मारलेली उडी, सपाट जमिनीवर उतरली आणि खेळ रस्त्यावर आला. मग 1990 च्या दशकाच्या आरंभी एक विलक्षण गोष्ट घडली: चाके आक्रसत आक्रसत 40 मिलिमीटरच्या आसपास आली. फळी पायाखाली झटपट फिरवायला हलके चाक बरे, हा त्यामागचा विचार. शैलीने जमिनीकडे पूर्ण पाठ फिरवली असा हा एकच काळ, आणि तो काही वर्षांत संपला. दशकाच्या अखेरीपर्यंत चाके पुन्हा 50 च्या वर आली आणि तिथेच आहेत.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. त्या चिमुकल्या कडक चाकांच्या काळातच स्ट्रीट स्केटिंगच्या बहुतेक करामती घडल्या, त्याही सॅन फ्रान्सिस्कोच्या एम्बार्काडेरोसारख्या विटांच्या फरसबंदीवर. मग जमिनीचे एवढे कौतुक कशाला? खरे आहे, त्या मुलांनी विटांवर जे केले ते थक्क करणारे होते. पण त्याच पिढीने पुढे मोठी चाके स्वीकारली आणि करामती त्यामुळे थांबल्या नाहीत, उलट अधिक वेगाने आणि अधिक लांब अंतरावर होऊ लागल्या. कौशल्याने वाईट चाकावर मात करता येते, यावरून ते चाक योग्य होते असे ठरत नाही. दुसरे असे की विटांची फरसबंदी कितीही कर्कश असली तरी ती सपाट आणि ठरावीक असते. सुटी खडी, कच आणि उखडलेले डांबर तिथे नसते. नवशिक्याचा घात यांच्यावरच होतो.

आता महाराष्ट्रातल्या शहरांकडे पाहू. पेव्हर ब्लॉकचा पदपथ घ्या. ब्लॉकच्या कडा तासलेल्या असतात, त्यामुळे दर वीस सेंटिमीटरवर एक उथळ चर येतो. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणारे चाक सेकंदाला सुमारे 21 वेळा अशा चरात उतरते आणि बाहेर येते. चर एक सेंटिमीटर रुंद धरला तर 52 मिलिमीटरचे चाक त्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जाते. पण चाक 101ए चे असेल तर हा अर्धा मिलिमीटर सेकंदाला 21 वेळा थेट पायात चढतो. 85ए च्या खालच्या चाकात तो बहुतांशी जिरतो. डांबरी रस्त्याची कहाणी निराळी. नवा रस्ता बराच गुळगुळीत असतो, पण एक-दोन पावसाळ्यांनी वरचे डांबर धुपते, खडी उघडी पडते आणि काही सुटी होऊन कडेला साचते. नवखा मुलगा गाड्यांना वाट देत नेमका त्या कडेनेच चालतो. सिमेंटच्या रस्त्यांवर गाड्यांच्या टायरना पकड मिळावी म्हणून आडवे चर मुद्दाम ओढलेले असतात. त्यांच्यावर कडक चाक गुरगुरते आणि वेग लवकर मरतो. सोसायटीच्या वाहनतळात शहाबादी फरशी असते, तिचे सांधे वर-खाली. या सगळ्या जागांवर 78ए ते 87ए सोडून दुसरे काही घेण्याला मला तरी कारण दिसत नाही.

याच शहरांत दुसऱ्या टोकाची जमीनही आहे. घोटीव कोटा फरशीचे ओटे, घोटीव सिमेंटची (आयपीएस) जमीन असलेली सभागृहे, मॉलसमोरचे ग्रॅनाइट. इथे कोष्टकाप्रमाणे 101ए चालायला हवे, आणि फरशी रोज पुसली जात असेल तर ते चालतेही. पण आपल्याकडच्या उघड्या ओट्यांवर बारीक धुळीचा थर कायम असतो. कडक चाकाचा जमिनीला टेकणारा भाग आधीच लहान, त्यात मध्ये धूळ आली की पकड अचानक सुटते आणि जोर देऊन वळताना फळी पायाखालून निघून जाते. थोडे कमी कडक, 95 ते 99ए चे चाक आणि जरा रुंद टेकणारी कड अशा जागी जास्त विश्वासाची वाटते. उन्हाचाही परिणाम होतो. कडकपणाचा आकडा साधारण खोलीच्या तपमानाला मोजलेला असतो. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या फरशीवर युरेथेन त्याहून मऊ पडते. म्हणून आधीच मऊ असलेले 75ए चे चाक विदर्भातल्या उन्हाळ्यात, वजनदार स्वाराखाली, सुस्त वाटू लागते. अशा वेळी दोन-चार अंक कडक घेणे शहाणपणाचे.

एका जमिनीवर, म्हणजे उघड्या खडीच्या रस्त्यावर, मात्र कोणतेच तडजोडीचे चाक चालत नाही, आणि त्याबद्दल पालकांशी स्पष्ट बोलायला हवे. खेळण्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त फळ्यांना बहुधा साच्यात ओतलेल्या कडक प्लॅस्टिकची चाके असतात. दिसायला ती युरेथेनसारखीच, रंगीत आणि चकचकीत. पण नख रुतवून पाहिले तर काडीइतकीही दबत नाहीत, आणि फरशीवर टाकली तर टकटक आवाज करत बेजान पडतात. उघड्या खडीच्या रस्त्यावर अशी चाके 1960 च्या दशकातल्या मातीच्या चाकांचीच चूक पुन्हा करतात: खडा लागला की चाक थांबते आणि मूल पुढे फेकले जाते. मग घरात ठरते की हा खेळच धोक्याचा. दोष खेळाचा नसतो. पूर्ण फळी बदलण्याइतके पैसे नसतील तर निदान चार मऊ युरेथेनची चाके आणि आठ बेअरिंगे बदलावीत. बेअरिंगे 608 या ठरलेल्या मापाची, 22 मिलिमीटर बाह्यव्यासाची असतात, त्यामुळे बहुतेक फळ्यांना ती बसतात. मात्र ट्रकची दांडी 8 मिलिमीटरची आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

सर्वांत गंभीर आक्षेप घसरण्याचा आहे. मऊ चाक जमिनीला चिकटते, आणि स्ट्रीटमध्ये चाक घसरायलाच हवे. करामत करून फळी थोडी तिरकी उतरली तर कडक चाके घसरून सरळ होतात आणि स्वार वाचतो. मऊ चाके जागीच रुतली की तो आदळतो. ब्लंटस्लाइडसारख्या प्रकारात चाके थेट कठड्यावर घासतात, तिथे 78ए चे चाक हलतच नाही. हे सारे मान्य आहे. पण यातून इतकेच निघते की फार मऊ चाकावर स्ट्रीट करू नये. ‘म्हणून 101ए घ्या’ हे त्यातून निघत नाही, कारण मधली जागा रिकामी नाही. गेल्या काही वर्षांत उत्पादकांनी नेमक्या याच जागेवर कष्ट घेतले आहेत. पॉवेल पेराल्टाचे ‘ड्रॅगन’ हे युरेथेन 93ए चे आहे. खडबडीत जमीन पेलूनही ते घसरते, असा कंपनीचा दावा आहे, आणि रस्त्यावर करामती करणाऱ्या अनेकांनी ते स्वीकारले आहे. पूर्वी 93ए ही कोणालाच नको असलेली अधलीमधली निवड होती.

हे शक्य होते कारण कडकपणा आणि उसळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच आकड्याची दोन चाके घेऊन कंबरेएवढ्या उंचीवरून कडेवर उभी पडतील अशी घट्ट फरशीवर सोडली, तर एक छान उसळते आणि दुसरे थपकन पडते. पहिले चाक दबल्यावर घेतलेली ऊर्जा परत देते, म्हणून ते मऊ असूनही धावते. दुसरे ती ऊर्जा गिळते. युरेथेनच्या उद्योगात ही उसळी मोजायच्या प्रमाण चाचण्या आहेत, तरी चाकाच्या वेष्टनावर तो आकडा जवळजवळ कधीच छापला जात नाही. तो छापला जावा असे मला कळकळीने वाटते. ग्राहकाला फक्त सुई किती रुतली हे सांगून त्याच्याकडून चांगल्या निवडीची अपेक्षा करणे न्यायाचे नाही. तोवर दुकानात दोन चाके टाकून पाहणे हा साधा उपाय हाताशी आहे.

शैलीसाठी मग उरते काय? बरेच काही. स्ट्रीट करणाऱ्याने व्यास 52 ते 54 मध्ये ठेवावा, टेकणारा भाग अरुंद आणि कडा गोल घ्याव्यात, म्हणजे फळी हलकी राहते आणि चाक सहज घसरते. पार्कमध्ये भिंतीवर वेग टिकवायचा असतो, तिथे 54 ते 58 आणि शंकूसारख्या उताराची कड भिंतीच्या माथ्यावरच्या लोखंडी पाइपवर नीट बसते. उतारावर लाँगबोर्ड नेणाऱ्यांचे शास्त्र स्वतंत्र आहे: 70 मिलिमीटरच्या आसपासची, 80ए च्या जवळची चाके, आणि बेअरिंग चाकाच्या मधोमध आहे की आतल्या बाजूला, यावर त्यांची पकड अवलंबून असते. त्यांच्या चाकाच्या धारदार कडा पकडीसाठी असतात; स्ट्रीटवाल्याला त्यांचा उपयोग नाही. हे सगळे तपशील खरोखर शैलीनेच ठरतात, आणि ते ठरवताना चूक झाली तरी फार बिघडत नाही.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी मात्र कोष्टकच योग्य, असे म्हणता येईल. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग आले, 2022 च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत ते आले आणि महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने तिथे सुवर्णपदक मिळवले. स्पर्धेचा पार्क गुळगुळीत असतो, तिथे 99 ते 101ए च हवे. मला हे मान्य आहे, आणि माझ्या क्रमालाही ते धरूनच आहे, कारण तिथली सर्वांत वाईट जमीनही चांगलीच असते. प्रश्न येतो तो वांद्र्याच्या कार्टर रोडवरच्या स्केटपार्कमध्ये सराव करणाऱ्या आणि तिथवर फळीवरूनच जाणाऱ्या मुलाचा. त्याच्या दिवसात दोन जमिनी आहेत. त्याने चाकांचे दोन संच ठेवावेत, हे आदर्श उत्तर. चार नट सोडून चाके बदलायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि दुसऱ्या संचात बेअरिंगे आधीच बसवून ठेवली तर त्याहून कमी. पण आयात केलेल्या चाकांची किंमत पाहता दुसरा संच सगळ्यांना परवडणार नाही. एकच संच घ्यायचा असेल तर 54 मिलिमीटर आणि 92 ते 95ए, चांगल्या उसळीचा. पार्कमध्ये तो 101ए पेक्षा किंचित मागे राहील, रस्त्यावर 78ए पेक्षा किंचित जास्त थरथरेल, आणि दोन्हीकडे चालेल. सहा महिन्यांनी चाके उलटसुलट करून, पुढची मागे आणि डावी उजवीकडे लावावीत. घसरून एका जागी सपाट झालेले चाक फरशीवर ठोके देऊ लागले की ते टाकून द्यावे, आणि नवे घेताना पुन्हा एकदा घरापासून पार्कपर्यंतचा रस्ता डोळ्यांखालून घालावा, कारण मधल्या काळात पावसाळा होऊन गेलेला असतो.